थोरल्या जाऊबाईंची बाटली

“प्यायले गं बाई, प्यायले. आता तुझी टकळी बंद कर,” म्हणत थोरल्या जाऊबाईंनी रिकामी बाटली माझ्यापुढे आपटली. पण त्यांच्या पायाजवळची खडी ओली होती. सगळं पाणी रस्त्यावर ओतलं होतं.

“मला काय दूधखुळी समजलात?” मी भडकले. “डॉक्टरांनी दरडावून सांगितलंय ना?”

“आणि पाणी पिऊन मग जायचं कुठे? तुझ्या डॉक्टरांच्या घरी?” त्या हसल्या आणि घमेलं उचलून निघाल्या.

बरोबरच होतं म्हणा. नजर जाईल तिथवर सपाट माळ, ना झुडूप ना भिंत. पुरुषांचं काय, पाठ केली की झालं. बायका आम्ही दोघीच. घरून निघताना जाऊन यायचं, ते थेट अंधार पडल्यावर. वरून ऊन, खालून उकळतं डांबर. जाऊबाईंना लघवीला आग व्हायची, पाय सुजायचे, तरी पाण्याचा घोट म्हणून घ्यायच्या नाहीत. मीही कुठली शहाणी! नुसते ओठ ओले करायची. त्या दुपारी जाऊबाई घमेल्यासकट कोसळल्या.

“किडन्या निकामी झाल्यात,” दवाखान्यात डॉक्टर म्हणाले. “एवढ्या उन्हात पाणी का पीत नव्हत्या?”

जाऊबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

“हट्टी आहे हो पहिल्यापासून,” भावजी म्हणाले. जाऊबाईंचा नवरा. आमच्याच रस्त्यावर रोलर चालवायचे.

माझं डोकंच फिरलं. “हट्टी? अहो, तिथे बसायला आडोसा नाही! दिवसभर उंचावर बसता ना तुम्ही? एवढंही दिसलं नाही?”

जाऊबाई तो आठवडाही काढू शकल्या नाहीत.

कामावर परतले त्या दिवशी मी सगळ्यांदेखत अख्खी बाटली संपवली. दुपारी मुकादमाला म्हटलं, “मला जायचंय.”

“मग जा की. कोणी धरलंय?”

“कुठे, ते दाखवा.”

तो इकडेतिकडे बघू लागला. भावजींनी रोलर रस्त्यात आडवा घातला, इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि पलीकडे जाऊन पाठ करून उभे राहिले. त्यांचं बघून बाकीचे फिरले. शेवटी मुकादमही.

मी रोलरआड बसले. लाज वाटत होती, संतापही येत होता. एवढं सोपं होतं तर आधी का नाही केलं कोणी?

उठून बाहेर आले तरी कोणी वळलं नव्हतं. सगळे भर उन्हात गुपचूप उभे होते. भावजींचे खांदे हुंदक्यांनी हलत होते.