बाजेखालचं सिमेंट

ड्रिलचं टोक जमिनीला लागलं आणि सहज आत शिरलं, तशी सुचितानं मशीन बंद केली. टोकाला चिकटलेली भुकटी तिनं बोटावर घेऊन चोळली.

"ताई, इथं अलीकडे काही बुजवलंय का? बाकीचा कोबा जुना आहे, हे सिमेंट नवं दिसतंय."

वंदना दारात उभी होती. सकाळी तिनंच बाज भिंतीकडे सरकवून जागा मोकळी करून दिली होती. आता तिला तो हातभर करडा पट्टा दिसला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. राजकुमार खिडकीतून बाहेर बघत होता.

"भेग होती," तो म्हणाला. "मुंगळे निंगत होते."

"कवा बुजवली?"

"तू काजलच्या बाळंतपणाले दवाखान्यात होती तवा."

मुंगळे म्हणे. वडनेर भोलजीच्या हमरस्त्याला शेठचा पेट्रोल पंप, आणि पंपाच्या मागच्या भिंतीला लागून हे घर. वर्षभर ती सांगत होती, या खोलीत पेट्रोलचा वास येतो. राजकुमार त्याच पंपाचा मॅनेजर. रोज हुंगल्यासारखं करायचा आणि म्हणायचा, माझ्याच कपड्याचा येत असेल. पुढे पुढे तर बाईच्या डोक्यात वहीम बसलाय, असं तो चारचौघांत हसून सांगायला लागला. आणि लोकही हसायचे. शेवटी तिनं स्वतः बुलढाण्याला जाऊन तक्रार दिली, तेव्हा कुठं सरकारी तपासणीसाठी ही नागपूरची मुलगी आज मशीन घेऊन आली होती.

सुचितानं पट्टा सोडून शेजारी भोक पाडलं. त्यात बारीक स्टीलची नळी खाली मातीपर्यंत सोडली, भोवतीची फट ओल्या चिकणमातीनं लिंपली आणि नळीचं दुसरं टोक एका बंद डब्याला जोडलं.

"जमिनीखालची हवा यात खेचली जाईल. घरात फिनेल, रॉकेल काही वापरलं नाही ना? नाहीतर त्याचाच वास डब्यात यायचा."

"फडकंसुद्धा मारलं नाही," वंदना म्हणाली. बाळ घरी यायचं आणि खोली अशी धुळकट, म्हणून शेजारणी नावं ठेवून गेल्या होत्या. तिनं ऐकून घेतलं होतं.

डबा भरला. सुचितानं त्याची तोटी घट्ट बंद केली.

"आता काय सांगता?" वंदनानं विचारलं.

"आता काहीच सांगता येणार नाही. प्रयोगशाळेतून रिपोर्ट यायला तीन आठवडे तरी लागतील. पंपाच्या माणसानंच टाकी गळतेय असं लिहून दिलं, तर मात्र आम्हाला आजही पंप बंद करायला लावता येतो."

राजकुमार घसा खाकरून अंगणात गेला.

सुचिताची गाडी नांदुऱ्याच्या दिशेनं वळली. राजकुमार घरात आला तेव्हा वंदना बाज पुन्हा जागेवर ओढत होती, थेट त्या करड्या पट्ट्यावर. मग तिनं स्वयंपाकघरातून शेगडी आणली. काजल लहान असताना याच शेगडीवर तिला शेक दिला होता. तिनं कोळसे रचले, शेगडी बाजेखाली सरकवली आणि माचिस त्याच्यापुढे धरली.

"हे काऊन?"

"उद्या लेक बाळाले घेऊन येऊन राह्यली. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी लागते. पेटवून पाहा."

"मी काऊन? तूच पेटव."

"मले तं वास येते. तुमाले येत नाही."

त्यानं माचिस घेतली. काडी काढली. वंदना जागची हलली नाही. मरायचं तर दोघं मरू, इतका तिला त्या घडीला राग आला होता. राजकुमार खाली वाकला. काडी माचिसच्या कडेला टेकली आणि तिथंच राहिली. शेवटी त्यानं काडी आत घातली आणि माचिस खिशात टाकली.

मग त्यानं शेगडी बाहेर नेऊन ठेवली. परत येऊन बाजेचं एक टोक उचललं.

"तिकून धर," तो म्हणाला. "बाहेरच्या खोलीत टाकू."

"तुमीच ओढा."

तो एकटाच ओढायला लागला. बाजेचा पाय उंबऱ्याला अडकला.

"सिमेंट कोनं देल्लं?"

तो पाय सोडवत राहिला.

"मी इचारून राह्यली."

"शेठनं," तो म्हणाला. "रिपोर्ट येईलोक दाबून धर म्हने. मले वाटलं, भेग बुजली का वास बी जाईन."

वंदनानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. या माणसानं वर्षभर तिला वेडी ठरवलं होतं, आणि उद्या त्याच बाजेवर तो आपल्या नातवाला निजवणार होता. हात उगारावा असं तिला वाटलं. तिनं तो पदराला पुसला आणि फोन उचलला.

"सुचिता मॅडम, गाडी मांगं फिरवा. काजलच्या बाबाले काही लिहून द्याचं हाय."

पलीकडून सुचिता काहीतरी विचारत होती. उंबऱ्यात अडकलेल्या बाजेवरून हात लांब करून वंदनानं फोन त्याच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला.