मीटर पळतोय

"न्हाणीघरात पडले ना, तर दार फोडायला पुरुषमाणसं पाठवू नकोस. तूच ये." सासूबाईंनी असं बजावलं तेव्हा मी देवापुढे बसले होते, आणि तिथूनच हो म्हटलं होतं.

त्या सिल्वासाला एकट्या राहतात, आम्ही दादऱ्याला. त्यांच्या घरचा विजेचा वापर आमच्या फोनवर दिसतो. वापर थांबला तर फोन वाजतो. आज तो वाजला नाही, पण सासूबाई फोनही उचलेनात. शेवटी नेमाचा अध्याय अर्धा टाकून मी ॲप उघडलं. वापराची रेघ सकाळपासून वर चढलेली, ती उतरलीच नव्हती.

मी यांना कारखान्यात फोन लावला.

"अगं, मीटर पळतोय म्हणजे आई ठणठणीत आहे," हे हसले. "तू आपला जप कर."

"अहो, इतकी वीज गिझरच ओढतो. पाणी तापलं की तो आपोआप बंद होतो. तो बंद होत नाही, म्हणजे गरम पाण्याचा नळ सकाळपासून वाहतोय!"

हे ओरडलेच, "वॉचमनला सांगतो, दार तोडू दे!"

"तोडू दे. पण आत शेजारच्या जयाबेनच जातील. बाकीच्यांनी बाहेर थांबायचं."

देवा, त्यांचा श्वास चालू असू दे, एवढंच मागितलं. त्यांना नेसवायला धुतलेली साडी पिशवीत घातली, आणि दार ओढून मी रिक्षा शोधायला निघाले.