दोन श्वासांच्या मधला निवांतपणा

मी एक जुना सिम्युलेटर आहे आणि मला भयंकर राग आला आहे. मित्रांनो, चिप कारखान्यात घडवण्याआधी ती कशी चालेल, हे मी संगणकात हुबेहूब चालवून दाखवतो. तिचं एका सेकंदाचं काम दाखवायला मला कित्येक तास लागायचे, कारण तिच्या आतल्या घड्याळाचा एकेक ठोका मी तपासायचो. म्हणून आमच्या ऑफिसचे साहेब मला गोगलगाय म्हणत.

माझा प्रोग्राम लिहिला तो ऑफिसातल्या इंजिनिअर ताईंनी. चिप नुसती वाट बघत बसलेली असेल, तर ते रिकामे ठोके ओलांडून जायला त्यांनीच मला शिकवलं. पुढे काम चार संगणकांत वाटून दिलं. मी चपळ झालो आणि तरी खोटं बोललो नाही. तेव्हा ऑफिसात माझं कोण कौतुक!

मग श्वास देणाऱ्या यंत्राची चिप आली आणि साहेबांना घाई सुटली.

"सगळं कशाला तपासायचं? शितावरून भाताची परीक्षा! ठरावीक अंतराने थोडं थोडं बघा."

"अंतर कमीजास्त ठेवू या, साहेब," ताई म्हणाल्या. "यंत्राचे श्वासही ठरावीक अंतरानेच येतात. आपण दर वेळी नेमके दोन श्वासांच्या मध्ये पोचलो तर?"

"तुम्हाला खुसपट काढायची सवयच आहे!"

झालं तसंच. श्वास देताना चिपची तारांबळ उडायची, पण मला दर वेळी तिचा निवांतपणाच दाखवायला लावला. रोज भर दुपारी दुकानात जायचं आणि इथे गिऱ्हाईकच नसतं म्हणायचं, त्यातला प्रकार! निकाल झकास आला. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. चिप बनली.

चाचणीच्या खोलीत यंत्राला रबरी फुप्फुस जोडलं. श्वास अर्धा भरला आणि यंत्र बंद पडलं.

"तुमचा सिम्युलेटर खोटारडा आहे," साहेब सगळ्यांसमोर ताईंवर ओरडले. ताईंचा चेहरा उतरला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अहो, विचारलंत तेवढंच सांगितलं ना मी? चोर सोडून संन्याशाला फाशी!

ताई सरळ संगणकापुढे जाऊन बसल्या. अंतर कमीजास्त केलं आणि मला पुन्हा चालवलं. जेवणाच्या सुट्टीआधीच मी चिप अडखळते ती जागा दाखवून दिली. साहेबांनी पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं.

"मग हे आधीच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी काय बोललो असतो, ते इथे लिहिता येणार नाही. आता माझ्या जागी नवा, वेगवान सिम्युलेटर येतो आहे. त्यालाही साहेबांनी ठरावीकच अंतर दिलं आहे, आणि वेळ वाचवायला रबरी फुप्फुसाची चाचणीही गाळायची म्हणतात. आम्हाला पळवा, जरूर पळवा. पण पळताना आम्ही काय बघितलं नाही, तेही विचारत जा. रबराला जीव नव्हता म्हणून या वेळी निभावलं. पुढच्या यंत्राला कोणाची तरी आई जोडलेली असेल.