पिवळ्या ओळींचा पहारेकरी

मित्रांनो, मी अठरा ओळींचा एक जुना पहारेकरी आहे आणि जन्मापासून भित्रा आहे. कुठे नुसते खुट्ट झाले तरी मी बोंब ठोकतो. हसू नका, मला घडवलेच त्यासाठी.

अमेरिकेतल्या डुलुथ गावात, अथांग तळ्याच्या काठी, एका विटांच्या इमारतीत माझे घर आहे. इथली मंडळी मुलांच्या रुग्णालयांसाठी एक प्रोग्राम लिहितात. बाळाला काट्यावर ठेवले की वजन थेट त्या प्रोग्राममध्ये येते आणि औषध किती द्यायचे ते तो नर्सला सांगतो. त्यात कुणी एक अक्षर जरी बदलले, तरी संगणक आपणहून त्याच्या तीन हजार चाचण्या घेतो. सगळी उत्तरे बरोबर आली की भिंतीवरचा फलक हिरवा होतो आणि एक जरी चुकले की लाल.

पण चाचणी देता देता प्रोग्राम पुटपुटतोही. काळ्या पडद्यावर पिवळ्या ओळी सरसर वर जातात. अमुक सापडले नाही, तमुक जुने झाले. उत्तर बरोबर असले की त्या ओळींकडे कुत्रेही ढुंकून पाहत नाही. मार्लिस कांगास या आमच्या कचेरीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या बाई. त्यांनी एका दुपारी त्या ओळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या. त्याच दुपारी त्यांनी मला, म्हणजे अठरा ओळींच्या एका छोट्या प्रोग्रामला, लिहिले. माझा नियम एकच: ध्यानीमनी नसलेली एक ओळ जरी उमटली, तर उत्तर कितीही बरोबर असो, ती चाचणी नापास.

पहिल्या आठवड्यात माझे कोण कौतुक झाले! मी एकोणचाळीस चुका पकडल्या. मार्लिसबाईंनी घरून जंगली तांदळाचे सूप आणून सगळ्यांना वाढले.

पण आमच्याकडे एक रीत होती. ज्याच्या हातून फलक लाल होईल, त्याच्या टेबलावर दिवसभर पेंढा भरलेला एक मासा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना डोनट आणायचे. मी आल्यापासून त्या माशाला उसंत मिळेना. आमचा म्होरक्या ब्रेंट तर पार वैतागून गेला.

"मार्लिसबाई, तुमच्या या भित्र्या भागूबाईपायी या आठवड्यात तिसऱ्यांदा मासा माझ्याकडे! डोनटवाली आता मला नावाने हाक मारते."

"मग चुका कमी कर की रे. मासा काय चावतो का तुला?"

तरी बाईंनी एक सूट-यादी ठेवली होती. एखादी ओळ खरोखरच निरुपद्रवी असेल, तर ती त्या यादीत लिहायची आणि शेजारी आपले नाव, तारीख व कारण द्यायचे. मग मी तिच्यावर ओरडत नसे. बाई निवृत्त झाल्या, जाताना पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "घाबरत राहा हो." पुढे एकदा मासा पुन्हा ब्रेंटकडे आला, तेव्हा त्याने रागारागाने यादीत लिहिले: 'सूचना' या शब्दाने सुरू होणारी कोणतीही ओळ सोडून द्यावी. ना नाव, ना कारण.

फलक हिरवागार झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या तोंडात मात्र बोळा बसला.

आणि मग एके दिवशी ती ओळ आली. 'सूचना: वजनाचे एकक आले नाही, किलो धरले.'

मित्रांनो, इथली माणसे घरी पौंडात बोलतात, पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, आणि रुग्णालये किलोत मोजतात. काट्याने पौंडाचा आकडा पाठवला आणि प्रोग्रामने तो किलो धरला, तर बाळाला दुपटीहून जास्त औषध जाईल. आमच्या चाचणीतल्या खोट्या बाळाचे वजन किलोतच होते, म्हणून उत्तर बरोबर यायचे. ती ओळ रोज माझ्यासमोरून जायची, पण तोंडातल्या बोळ्यामुळे मला ओरडता यायचे नाही. त्या सोमवारी नवा प्रोग्राम उत्तरेकडच्या एका छोट्या रुग्णालयात गेला. आणखी आठवड्याने तो सगळीकडे जाणार होता. मला इतके भय कधीच वाटले नव्हते.

शुक्रवारी सकाळी आमची बाओ वांग बाळंतपणाच्या रजेवरून परत आली. सूट-यादी वाचता वाचता ती थबकली.

"ब्रेंट, या ओळीपुढे कुणाचं नावच नाही. काढू का?"

"काढून बघ! मासा वर्षभर तुझ्या घरी मुक्कामाला येईल."

"येऊ दे. पोरीला खेळायला होईल."

तिने ओळ काढली. बोळा निघाला आणि मी जीव खाऊन ओरडलो. दोनशे बारा चाचण्या लाल! सगळे हसले. बाओ मात्र एकेक ओळ वाचत बसली. दोनशे अकरा ओळी फुसक्या निघाल्या. मग तिचे बोट थांबले.

"किलो धरले? अरे, परवाच माझ्या पोरीचं वजन केलं. काटा म्हणाला अठरा. अठरा पौंड! हा प्रोग्राम तर तिला अठरा किलोचं औषध देईल!"

ब्रेंटने ती ओळ आपल्या पडद्यावर स्वतः वाचली. त्याने लगेच त्या रुग्णालयाला फोन लावला. सगळ्यांना ऐकू यावे म्हणून आवाज मोठा केला.

"तुमचा काटा एकक पाठवतो का हो?" त्याने विचारले.

"जुना पाठवायचा," नर्स म्हणाली. "आजच नवा आलाय. पौंड दाखवतो, आईबापांना बरं पडतं. का हो?"

"त्यावर कुणा बाळाचं वजन घेतलंय का?"

पलीकडे फोन टेबलावर आदळला. धावत्या पावलांचा आवाज आला, एक दार आपटले, मग काहीच ऐकू येईना. कचेरीतले सगळे ब्रेंटच्या टेबलाभोवती जमले. मी तर अठरा ओळींचा, पण त्या अठराही ओळी गोठल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. नर्स परत आली तेव्हा तिला धाप लागली होती.

"औषध सुईत भरलं होतं. टोचलं नव्हतं."

बाओने डोळ्यांना रुमाल लावला. ब्रेंट उठला, मासा उचलला आणि आपल्याच टेबलावर ठेवला. मासा अजून तिथेच आहे. ती रीतही बदलली. आता फलक लाल झाला तर कुणी कुणाला चिडवत नाही. नाव न घालता मला गप्प करणारा मात्र डोनट आणतो.

मित्रांनो, मी आजही भितो. यादीत अजून सात ओळी आहेत आणि प्रत्येकीपुढे नाव आहे, तरी मी भितो. तुमच्याही घरात, वर्गात माझ्यासारखा कुणी असेल. उगाच किरकिरतो म्हणून त्याला गप्प बसवाल, तर त्याआधी तो काय म्हणतो ते एकदा वाचा. दोनशे अकरा वेळा तो तुम्हाला वात आणेल. तरीही त्याला घाबरू द्या.