यादीतली सातवी ओळ

सुनीताचं पत्र ऑगस्टात आलं होतं. फेब्रुवारी संपत आला तरी शांतवनरावांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

पत्र त्यांना आता पाठ झालं होतं. 'काका, लग्नाला अकरा वर्षं झाली. मुंबईच्या डॉक्टरांनी टेस्ट-ट्यूबचा उपाय सांगितलाय. सासूबाई म्हणतात, पाप आहे. दत्ता म्हणतो, तुझ्या काकांना विचार. माझं वय बघता मार्चअखेर कळवायचं आहे, पुढे उपयोग नाही. तुम्ही नको म्हणालात तर जाणार नाही. तुम्ही इतकं वाचलेलं आहे, मला दोन ओळींत सांगा.'

दोन ओळी! पनवेलच्या वाचनालयात एकतीस वर्षं पुस्तकं देताना कुणी विचारलं, 'हे चांगलं आहे का हो?', तर शांतवनराव म्हणत, 'काहींना आवडतं.' याहून ठाम मत त्यांनी कधी कुणाला दिलं नव्हतं. सुनीता त्यांच्या वारलेल्या भावाची मुलगी. त्यांच्याच घरात वाढली, नगरला दिली. तिला 'काहींना आवडतं' म्हणून कसं चालणार?

म्हणून ते वाचत सुटले. वहीच्या डाव्या पानावर 'विरुद्ध', उजव्या पानावर 'बाजूने'. दोन्हीकडची पानं सारखीच भरत गेली.

चर्चच्या मंडळीच्या पाळकसाहेबांना विचारलं, तर ते शांतपणे म्हणाले, "शांतवनराव, मूल म्हणजे देणं आहे, घडवून घ्यायची वस्तू नव्हे. आणि काचेत पाच-सहा गर्भ करतात, दोन-तीन पोटात ठेवतात. उरलेले कोणाचे? त्यांचा जाब कोण देणार?"

हा प्रश्न शांतवनरावांनी डाव्या पानावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या.

मग त्यांनी काशिरामला गाठलं. काशिराम विचुंब्याचा, जन्मभर मिठागरात राबलेला, लाल बावट्याचा माणूस. देवाचं नाव काढलं की हसायचा. तो तरी बेधडक 'जा' म्हणेल, अशी त्यांना आशा होती.

"देव मानीत नाय म्हंजे डॉक्टरला देव मानू काय?" काशिराम बशीतला चहा फुंकत म्हणाला. "सुया टोचायच्या बाईला, आन नाय जमला तर वांझ पन बाईच! पोरकी पोरं काय कमी हायत जगात?"

"म्हणजे तूही नकोच म्हणतोस?"

"मी कशाला नको म्हनू? पोट तिचा हाय. तिला काय पायजे तो बघा. पत्राला किती दीस झाले?"

"सहा महिने."

"सहा महिने? अंडी उबवताव काय, पुस्तकवाले?"

शांतवनरावांना हसू आलं, आणि मग फार लाज वाटली.

दर बुधवारी कृष्णाबाईंच्या घरी मंडळीची प्रार्थनासभा भरे. कृष्णाबाई निवृत्त नर्स. तीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेल्या. सभेत प्रार्थनेच्या विषयांची यादी वाचायची, ती शांतवनरावांनी. कुणाचं ऑपरेशन, कुणाची नोकरी. ज्याचं मागणं पुरं होई, त्याचं नाव वहीच्या मागच्या बाजूला 'उपकारस्तुती'खाली जाई. बाकीची नावं शांतवनराव दर नाताळानंतर नव्या वहीत उतरवून काढत. सातवी ओळ नऊ वर्षं त्याच जागी होती : 'सुनीता व दत्ता – लेकरासाठी.'

त्या बुधवारी सहावी ओळ वाचून झाली आणि पाळकसाहेबांनी हात वर केला.

"जरा थांबा. नगरहून कळलंय, ते दोघं त्या मार्गाचा विचार करताहेत. मला वाईट वाटतं, पण तो विचार सोडेपर्यंत त्यांच्यासाठी मंडळीनं मागणं बरं नव्हे. खोडा ती ओळ."

शांतवनरावांनी सवयीनं पेनचं टोपण काढलं. सांगितलेलं ऐकायचं, हीच त्यांची उभ्या जन्माची रीत. निब ओळीवर टेकलंदेखील.

"पाळकसाहेब," कृष्णाबाई म्हणाल्या, "डॉक्टरांनी चिमट्यानं ओढून काढलेली शेकड्यांनी बाळं मी हातात घेतलीत. त्यांच्या बाप्तिस्म्याला कुणी विचारलं नाही हो, देवानं दिलं की चिमट्यानं."

कुणीतरी खुदकन हसलं.

"बाई, जन्माला आणणं वेगळं, गर्भ घडवणं वेगळं."

"वेगळं आहेच," शांतवनराव म्हणाले.

सगळे वळून बघू लागले. वीस वर्षांत या माणसानं यादीपलीकडे शब्द काढला नव्हता. आज मात्र ते थांबले नाहीत.

"पाळकसाहेबांचा प्रश्न खरा आहे. मी त्याच्यापाशीच सहा महिने अडलो. पण त्याचं उत्तर ओळ खोडणं नव्हे. ठेवायचे तेवढेच गर्भ करा, एकही उरवू नका, असं डॉक्टरांना सांगता येतं. यशाची आशा कमी होईल, तरी सांगता येतं. मूल त्या दोघांचंच असेल. आणि नाहीच झालं, तर तिला वांझ म्हणायचं नाही, हे आपण इथंच ठरवू या." त्यांनी श्वास घेतला. "नऊ वर्षं आपण मागतोय. ते कोणत्या वाटेनं द्यायचं, हे आपण यादीत कधी लिहिलं नव्हतं."

त्यांनी टोपण लावलं, पेन खिशाला अडकवलं आणि आजवर कधी वाचलं नव्हतं इतक्या मोठ्यानं वाचलं, "सात. सुनीता व दत्ता. लेकरासाठी."

"आमेन," कृष्णाबाई म्हणाल्या. मग एकेक जण म्हणत गेला.

"मला पटलेलं नाही, शांतवनराव," पाळकसाहेब अखेर म्हणाले. "पण पटलं तरच प्रार्थना करायची, असंही मी कुठं वाचलेलं नाही." आणि त्यांनी डोळे मिटून सातव्या ओळीसाठी स्वतः प्रार्थना केली. सुनीताचं नाव त्यांनी दोनदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतवनरावांनी आंतर्देशीय पत्र पुढ्यात घेतलं. वही उघडली नाही.

'चि. सुनीतास, आशीर्वाद. जा. जेवढे पोटात ठेवायचे तेवढेच गर्भ करा, असं डॉक्टरांना सांग. माझं चुकत असेल तर त्याचा जाब मी देईन, तू नव्हे. तारीख कळव, मी आणि कृष्णाबाई सोबत येतो. उत्तराला उशीर केला, त्याची क्षमा कर.'

पोस्टापाशी पोचले तेव्हा पोस्टाचा माणूस लाल पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता.

"द्या आजोबा, इकडंच द्या." त्यानं पत्ता पाहिला. "नगर. परवापर्यंत पोचेल. पत्ता पुन्हा बघायचा असेल तर बघा, एकदा पिशवी बांधली की मग निघत नाही."

"नको," शांतवनराव म्हणाले. "बांधा."

त्यानं पिशवीला गाठ मारली, सायकलला लावली आणि निघाला. शांतवनराव तो वळणाआड दिसेनासा होईपर्यंत उन्हात ताठ उभे होते.