शहाजीच्या खांद्याचं राहून गेलेलं माप

मित्रांनो, तुर्भ्याच्या एका दवाखान्यात टेबलाच्या खणात पडून पिवळी पडलेली कापडी टेप, ती मी. शिंप्याच्या गळ्यात असते तशीच. माझ्या बहिणी ब्लाऊज मोजतात, पडदे मोजतात. मी माणसांच्या अंगावरच्या गाठी मोजायचे. हसू नका, मला या कामाचा फार अभिमान होता.

दवाखाना कांदा-बटाटा मार्केटपासून हाकेच्या अंतरावर आहे. येणारे निम्मे लोक माथाडी, गोणी वाहणारे. रोज ओझं घासून त्यांच्या मानेखाली मऊ गादी उठते. तिला ते हमालीची गाठ म्हणतात आणि मिरवतातसुद्धा. आमचे थोरले डॉक्टर मात्र प्रत्येकाला शर्ट काढायला लावत. गाठ कातडीखाली हलते की आत रुतून बसली आहे, हे बोटांनी चाचपत आणि मग मला तिच्यावर धरत. कार्डावर आकडा आणि तारीख लिहिली जाई. महिन्याने पुन्हा माप. कंपाउंडर गोटीराम कंटाळून 'लिंबाएवढी' असं लिही, तेव्हा ते खेकसत, "सगळी लिंबं एका मापाची असतात काय रे? आकडा लिही!"

शिरवण्याच्या चांगुणाबाईंच्या मांडीतली गाठ एका महिन्यात चारावरून सहा सेंटिमीटरवर गेली. दुखत अजिबात नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. तो सार्कोमा निघाला. स्नायू, चरबी अशा भागांत होणारा हा कॅन्सर. वेळेत सापडला म्हणून पाय वाचला. बाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा डॉक्टरांनी एक पेढा माझ्यापुढे ठेवला होता.

मग थोरले डॉक्टर वारले. त्यांच्या खुर्चीवर मुलगा बसला, डॉक्टर प्रसाद. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. मी खणात गेले. खण नीट बंद होत नाही, त्यामुळे फटीतून मला सगळं दिसत राहिलं. दिसलं नसतं तर बरं झालं असतं.

दोन वर्षांपूर्वी शहाजी आला. साताऱ्याकडचा माथाडी, सोबत बायको. तीच बोलली. "दोन महिन्यांत लई वाढलीया गाठ. शर्टाची बाही चढंना."

"दुखते का?" प्रसादने शर्टावरूनच हात फिरवला.

"न्हाय," शहाजी म्हणाला.

"मग टेन्शन नका घेऊ. या लाईनीत सगळ्यांना होते, हमालीची गाठ आहे."

"पर गोनी उजव्या खांद्यावर असती ओ यांची. गाठ तर डाव्या खांद्याला हाय."

प्रसादने ते ऐकलंच नाही. तो पुढच्या पेशंटला हाक मारत होता. शहाजी बायकोवरच वैतागला, "चल, डॉक्टरला शिकवू नगंस." ती ओशाळली आणि उठली. एका वितीवर मी होते, मित्रांनो! एक वीत!

त्यानंतर तो तीनदा आला. दर वेळी गोळ्या. एकदा स्वतःच म्हणाला, "सुई मारा, उद्या ट्रक खाली करायचाय." मधल्या काळात कोणीतरी तेल लावून गाठ रगडून दिली. सात महिन्यांनी हाताला मुंग्या येऊन बोटं वळेनात, तेव्हा कुठे सोनोग्राफीची चिठ्ठी निघाली. मोठ्या इस्पितळातून विचारणा आली, पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाठ केवढी होती? प्रसादने कार्ड काढलं. चार तारखा आणि चारही वेळा तेच, 'हमालीची गाठ'. आकडा एकही नाही.

डावा हात खांद्यापासून काढला. तोवर रोग फुप्फुसात पोचला होता. शहाजी यंदाच्या गावच्या जत्रेआधीच गेला.

आता मी पुन्हा टेबलावर असते. प्रसाद प्रत्येक गाठ मोजतो, आकडा लिहितो. लोक कौतुक करतात, अगदी वडिलांवर गेलाय म्हणतात. माझ्या अंगाची आग होते.

मित्रांनो, घरात कुणाच्या अंगावर गाठ असली आणि ती वाढत असली, खोल असली किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी असली, तर दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. डॉक्टरांना शर्ट काढून दाखवा. मोजा म्हणा, लिहा म्हणा, तपासणीला पाठवा म्हणा. ते दुसऱ्याला हाक मारू लागले तरी खुर्ची सोडू नका. शहाजीची बायको परवा त्याचं कार्ड मागायला आली होती. गोटीरामला म्हणाली, "त्या दिवशी मी उठायला नगं हुतं. माजीच चूक."

प्रसाद शेजारीच उभा होता. त्याने मला उचललं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.