ओढीचा विमा

१९७१ साली मिरजेहून परगावी नेलेली जनावरं वाटेत थोडी कमी होत. शेजारच्या गोदूताईंचा पोपट नागपूरला पोचला, तेव्हा त्याचा हिरवा रंग मागे कुठेतरी राहिला होता. म्हणून प्रवासाचा विमा काढावा लागे.

आमच्या ह्यांची अकोल्याला बदली झाली, तेव्हा आम्ही ढब्बूला घेऊन विमा कचेरीत गेलो. ढब्बू आमच्या शरयूचा कुत्रा. शरयू आदल्या वर्षी विषमज्वराने गेली, नऊ वर्षांची. ढब्बूला ते कोणी सांगितलं नव्हतं. रोज सवापाचला, शाळा सुटायच्या वेळी, तो उंबऱ्यावर जाऊन बसे. आमच्या घरात शरयू अजून यायची होती, ती तेवढ्या एका जागी.

कचेरीतले काळसेकर फॉर्म भरून घेत होते. आम्ही एक उत्तर दिलं की खोलीतल्या फरशीची एक ओळ कमी होई. मग ते खुर्ची पुढे सरकवत.

"एका जनावराला एकच विमा, वहिनी. अंग, आवाज, नाहीतर ओढ. बाकीचं राहील तेवढं राहील."

"ओढ म्हणजे?"

"जनावर कोणाची तरी वाट बघतं ना, ते. फारसं कोणी घेत नाही. परवा एकांनी म्हशीचा आवाज घेतला. पोचली, हंबरते झकास. दूध गेलं."

"अंगाचा काढा," हे म्हणाले. "पाय नसलेलं कुत्रं काखेत मारून हिंडू काय अकोल्यात?"

"ओढीचा," मी म्हणाले.

"अगं, कशाला आता ते..."

"ओढीचाच."

तेवढ्यात आणखी एक ओळ गेली आणि ह्यांना उभं राहायला जागा उरली नाही. ते बाहेर गेले. दाराच्या फटीत त्यांच्या कोटाची बाही दिसत राहिली.

वय, रंग, खूण. भिंत माझ्या पाठीला लागली, टेबल पोटाला. ढब्बू माझ्या पावलांवर उभा राहिला. शेवटचा रकाना होता: वाट कोणाची बघतो?

"नाव सांगा." काळसेकरांचा श्वास आता माझ्या चष्म्यावर येत होता.

तेराव्यापासून आमच्या घरात तिचं नाव कोणी घेतलं नव्हतं. गेलेल्या लेकराला नावाने हाक मारली की त्याचा पाय पुढे पडत नाही, असं सासूबाईंनी बजावलं होतं. बाहेर हे ऐकत उभे होते.

"लवकर, वहिनी. छत खाली येतंय."

"मालती," मी म्हणाले. "मालती सबनीस."

"म्हणजे तुम्हीच?"

"हो."

त्यांनी शिक्का मारला.

ढब्बू अकोल्याला पोचला. शेपूट आणि भुंकणं वाटेत गेलं होतं. सवापाचला तो उठला नाही. मी दार उघडून ठेवलं, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तर तो उंबऱ्यावर बसलेला. मी समोर उभी राहिले. मान वाकडी करून तो माझ्या पलीकडे रस्त्याकडे बघू लागला.

"ढब्बू, अरे, आले मी."

त्याने कान टवकारले आणि आणखी लांब बघितलं.

काळसेकर त्याच खोलीतून निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांना पाकिटात घालून घरी पोचवावं लागलं, असं गोदूताईंनी कळवलं. मी माझंच नाव का दिलं, ते ह्यांनी मला कधी विचारलं नाही. ते १९९३ साली गेले. शेवटच्या आजारात दवाखान्यातल्या प्रत्येक नर्सला शरयू म्हणून हाक मारत, अगदी मोठ्याने.

ढब्बू १९८० च्या मार्गशीर्षात गेला, संध्याकाळी, डोकं माझ्या मांडीवर ठेवून, रस्त्याकडे बघत. जाण्याआधी तो उठून बसला. रस्त्याच्या टोकाला एक बाई लगबगीने येत होती. अंगावर माझंच इरकली लुगडं होतं, चष्माही माझाच. मी तिच्या दोन्ही हातांकडे नीट पाहिलं. तिचं बोट धरून कोणी येत नव्हतं.